मुंबईची जमीन आणि मुंबईकराचे घर

इ. स. १८६५ च्या जुलै महिन्याच्या पहिल्या तारखेला मुंबईतील वायद्याचे सौदे पुरे करावयाचे होते. ते पुरे झाले नाहीत, आणि चार वर्षे जे शहर सोन्याच्या धुरात वावरत होते ते एका दिवसात शुद्धीवर आले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसावर मुंबईच्या पेढ्यांत पैशाचा पूर आला. या पैशाला बसावयास जागा हवी होती, आणि ती त्याने अक्षरशः समुद्रात शोधली. मलबार टेकडी आणि कुलाबा यांच्या मधला उपसागर, म्हणजे बॅक बे, भरून काढण्यासाठी कंपनी निघाली. पाच हजार रुपये भरलेला तिचा एक शेअर पन्नास हजारांपर्यंत चढला. जी जमीन अद्याप पाण्याखाली होती, जिच्यावरून भरती-ओहोटी नेमाने येत-जात होती, तिची ही किंमत! युद्ध संपल्याची वार्ता आली, कापूस कोसळला, त्याच्या पाठोपाठ शेअर कोसळले आणि सरकारचा हात पाठीशी असलेली बँक ऑफ बॉम्बे देखील त्यात बुडाली. १८६४ च्या गणतीत शहराची वस्ती ८,१६,५६२ होती. १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ भरली. सर दिनशा वाच्छा यांनी १९१० मध्ये या काळावर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले. आपल्याकडे गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये, म्हणजे हा ज्वर चढत असतानाच प्रसिद्ध झाले, ही गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे.

हे प्रकरण इतिहासकार व्यापाराच्या सदराखाली घालतात. मला ते घराच्या सदराखाली घालावेसे वाटते. मुंबईतील घराच्या प्रश्नाला जे एक वळण लागले ते येथे प्रथम दिसते. जमीन ही कोणाची राहण्याची जागा होण्याआधी कोणाचा तरी शेअर झाली. पुढील दीडशे वर्षांत गरिबाच्या निवाऱ्यासाठी ज्या मोठ्या योजना निघाल्या, त्यांतील बहुतेकांनी आपला खर्च जमिनीच्या चढत्या भावातूनच काढावयाचे ठरविले. भाव चढेल, त्यातून पैसा येईल, त्या पैशातून गरिबाची खोली उठेल, असा तो हिशेब. योजनांची नावे बदलली, सरकारे बदलली, प्रत्यक्ष राज्य बदलले. हिशेब तोच राहिला. ज्या नोकरवर्गाला आज मुंबईपासून दूर, परप्रांती, सरकारी निवासस्थानात राहून निवृत्तीनंतरच्या घराची चिंता करावी लागते, त्यालाही हा हिशेब तपासून पाहणे अप्रस्तुत वाटणार नाही.

प्रारंभी सरकारच्या खाती हा प्रश्नच नव्हता. ताडदेवला १८५६ मध्ये पहिली कापडगिरणी चालू झाली, आणि शतक संपेपर्यंत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सारा मुलूख गिरण्यांनी भरून गेला. कामगार कोठे राहतो याची चौकशी करण्याचे गिरणीमालकांना फारसे कारण पडले नाही. ते काम चाळमालकांनी पत्करले. चाळ ही त्या काळची पैसा गुंतविण्याची उत्तम सोय होती. दहा-बारा फुटांची खोली, पुढे सामाईक गॅलरी, मजल्याच्या टोकाला नळ आणि संडास. भाडे दरमहा आणि रिकामी खोली अशी कधी नसायचीच. खोलीत बिऱ्हाड एकच असे असेही नाही. कोकणातल्या एकेका गावाच्या मंडळाने खोली घ्यावी, तीत पंधरा-वीस गावकऱ्यांनी आपल्या ट्रंका फळीवर ओळीने मांडाव्या, रात्रपाळीचा उठला की त्याच वळकटीवर दिवसपाळीच्याने पाठ टेकावी, जेवण खानावळवाल्या बाईकडे, असा हा संसार. बायकामुले रत्नागिरी-सावंतवाडीकडे. आजारी पडला की माणूस गावी जाई, म्हातारा झाला की गावी जाई, संप लांबला तरी गावीच जाई. मुंबईच्या औद्योगिक वैभवाचे गोडवे आपण पुष्कळ ऐकले आहेत. पण त्या वैभवाच्या कामगाराला राहावयास लागणाऱ्या घराचा अर्धाअधिक खर्च कोकणातील खडकाळ भातशेती भरत होती, हे त्या गोडव्यांत येत नाही. १९३१ च्या गणतीतही मुंबईचे सुमारे तीन-चतुर्थांश लोक एका खोलीच्या घरात राहत असलेले आढळले.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात ग्रंथिक संनिपाताचे रोगी सापडले. डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय वैद्याने रोग ओळखला. लाखो लोक शहर सोडून पळाले, गिरण्या ओस पडल्या, परदेशी बंदरांनी मुंबईच्या मालाकडे संशयाने पाहावयास सुरुवात केली. तेव्हा सरकारला एकाएकी जाणीव झाली की चाळीतील हवा ही व्यापाराची बाब आहे. १८९८ मध्ये कायदा होऊन सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट जन्मास आला. गलिच्छ वस्त्या पाडणे, रुंद रस्ते काढणे, उत्तरेकडे नवी उपनगरे वसविणे आणि गरिबांसाठी आरोग्यकारक चाळी बांधणे ही त्याची कामे. सॅंडहर्स्ट रोड, म्हणजे आताचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, आणि प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आताचा शामलदास गांधी मार्ग, हे याच ट्रस्टचे. रस्ते उत्तम झाले यात वाद नाही. पण रस्ता काढावयाचा तर घरे पाडावी लागतात, आणि पाडण्याचा वेग बांधण्याच्या वेगाहून नेहमीच जास्त असतो. पहिल्या वर्षांत ट्रस्टने जितक्यांना उठविले तितक्यांना बसविले नाही. उठलेली माणसे शेजारच्या गल्लीत शिरली आणि तेथील गर्दी दुप्पट झाली.

ट्रस्टच्या हेतूबद्दल मला शंका घ्यावयाची नाही. अडचण हेतूची नसून जमाखर्चाची होती. ट्रस्ट कर्जरोख्यांवर पैसा उभारी. व्याज फेडण्यासाठी सुधारलेली जमीन दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देई. आणि पट्टा घेणारा अर्थात तोच, ज्याला तो परवडतो. या एकाच संस्थेची दोन रूपे पाहावयाची असतील तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या दोन पत्त्यांकडे पाहावे. १९१२ पासून १९३४ पर्यंत त्यांचे बिऱ्हाड परळच्या पोयबावाडीतील ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत होते. महाडच्या सत्याग्रहाच्या आणि गोलमेज परिषदेच्या काळातला त्यांचा घरचा पत्ता हाच. त्यानंतरचे त्यांचे ‘राजगृह’ दादरच्या हिंदू कॉलनीत उभे राहिले, आणि ती कॉलनीही ट्रस्टच्याच दादर-माटुंगा योजनेतली. चाळीपासून कॉलनीपर्यंत हे अंतर पायी अर्ध्या तासाचे असेल. ते तोडणे बॅरिस्टराला साधले. त्याच्या चाळीतल्या शेजाऱ्यांना साधले नाही.

पहिल्या महायुद्धानंतर घरांची टंचाई इतकी वाढली की १९१८ मध्ये भाड्यावर नियंत्रण घालणारा कायदा करावा लागला. त्याच सुमारास सर जॉर्ज लॉइड हे गव्हर्नर म्हणून आले. ते धडाडीचे गृहस्थ होते. १९२० मध्ये त्यांनी स्वतंत्र विकास खाते स्थापन केले आणि त्याच्यापुढे दोन कामे एकदम टाकली. एक, बॅक बेचा उपसागर भरून काढणे, म्हणजे १८६५ चेच स्वप्न, या खेपेस सरकारी खर्चाने. आणि दुसरे, कामगारांसाठी एकखणी अशा पन्नास हजार खोल्या बांधणे. समुद्रातून निघालेल्या जमिनीच्या विक्रीवर खात्याची सारी आर्थिक भिस्त होती. खोल्यांचे भाडे खर्चाला पुरणार नाही हे उघड असल्याने ती तूट काढण्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया शहरकर बसविण्यात आला.

पुढे काय झाले ते प्रसिद्ध आहे. गाळ उपसणारी यंत्रे अपेक्षेइतकी चालली नाहीत, बांधाच्या फटींतून भराव वाहून गेला, खर्चाचे आकडे फुगत गेले. खुर्शेद फ्रामजी नरीमन यांनी कौन्सिलात आणि वृत्तपत्रांत या कारभाराचे वाभाडे काढले. खात्याचे एक वरिष्ठ अभियंता हार्वे यांनी त्यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि १९२८ मध्ये नरीमन निर्दोष सुटले. आठ तुकड्यांपैकी चारच भरून झाल्या. उरलेल्या तुकड्यांतली जागा स्वातंत्र्यानंतर भरली गेली आणि तिच्यावर जी कचेऱ्यांची उंच नगरी उभी राहिली तिला नाव मिळाले नरीमन पॉइंट. ज्याने समुद्र भरण्याविरुद्ध आयुष्याची उमेद घातली, त्याचे नाव भरलेल्या समुद्राला! इतिहासाच्या या थट्टेवर नरीमन स्वतः बहुधा मोठ्याने हसले असते.

पन्नास हजारांपैकी खोल्या उठल्या सुमारे साडेसोळा हजार. वरळीस १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२ आणि शिवडीस १२, अशा २०७ चाळी. तळमजला आणि वर तीन मजले, दर मजल्याला वीस खोल्या, दर खोली १६० चौरस फूट. यांनाच आपण बीडीडी चाळी म्हणतो; खाते केव्हाच मोडले, त्याची आद्याक्षरे तेवढी टिकली. आणि येथे एक चमत्कारिक गोष्ट घडली. दाटीने गुदमरलेल्या शहरात या नव्या खोल्या कित्येक वर्षे मोठ्या संख्येने रिकाम्या पडून राहिल्या. वरळी तेव्हा गिरण्यांपासून लांब, रस्त्यांना दिवे नाहीत, बाजार नाही, सिमेंटच्या भिंती उन्हाळ्यात तापत. शिवाय भाडे, सरकारी मदत धरूनही, चाळमालकाच्या अंधाऱ्या खोलीपेक्षा जड. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत सरकारला तुरुंग अपुरे पडू लागले तेव्हा वरळीच्या काही चाळींना कुंपण घालून तेथे सत्याग्रही कोंडण्यात आले. कामगारांसाठी बांधलेल्या खोल्यांना मनाजोगे भाडेकरू लाभले ते असे.

त्याच वर्षांत दुसऱ्या एका शहराने काय केले हे येथे सांगितले पाहिजे, नाही तर मुंबईत झाले ते अटळच होते असा समज व्हावयाचा. व्हिएन्ना हे महायुद्धात हरलेल्या, साम्राज्य गमावलेल्या आणि अन्नाला महाग झालेल्या देशाचे राजधानीचे शहर. तेथील नगरपालिकेने १९२३ मध्ये घरबांधणीसाठी एक स्वतंत्र कर बसविला. तो चढत्या श्रेणीचा होता. कामगाराच्या खोलीवर नाममात्र आणि सरदाराच्या वाड्यावर जबर. युद्धकाळातील भाडेनियंत्रण तिने उठविले नाही. त्यामुळे भाड्याच्या घरात पैसा घालणे आतबट्ट्याचे झाले, जमिनीचे भाव बसले, आणि बसलेल्या भावाने नगरपालिकेनेच ती विकत घेतली. भाडे आकारले ते देखभालीपुरते. १९३४ पर्यंत अशी साठ हजारांवर घरे झाली. १९३० मध्ये पुऱ्या झालेल्या एका कार्ल मार्क्स होफमध्येच १,३८२ बिऱ्हाडांची सोय होती. १९३४ च्या फेब्रुवारीत तेथील हुकूमशाही सरकारने त्या इमारतीवर तोफा डागल्या, तरी ती पडली नाही. व्हिएन्नाला जमिनीचा भाव पडावयास हवा होता. मुंबईच्या विकास खात्याला तो चढावयास हवा होता. दोन्ही शहरांत भाडेनियंत्रण होते, दोन्हींकडे टंचाई होती. फरक एवढाच, आणि तो पुरेसा होता. अर्थात व्हिएन्नाच्या कामगाराच्या हाती मत होते. मुंबई महापालिकेची प्रौढ मताधिकारावरील पहिली निवडणूक १९४८ साली झाली. तोपर्यंत मत हे करदात्याचे आणि ठराविक रकमेच्या वर भाडे भरणाऱ्याचे होते. गावकरी मंडळाच्या खोलीतील फळीवर ज्याची ट्रंक, त्याचे मत कोठून असणार?

दुसऱ्या महायुद्धाने भाडेनियंत्रण परत आणले आणि १९४७ च्या कायद्याने ते पक्के केले. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे, तेच प्रमाणभूत भाडे. या कायद्याने मुंबईचे वाटोळे केले असे म्हणण्याची अर्थशास्त्रज्ञांत प्रथा आहे. मला ते अर्धसत्य वाटते. भाडे गोठले, दुरुस्ती थांबली, नवी भाड्याची चाळ बांधावयास कोणी पुढे येईना आणि कायद्याने मना केलेली पगडी राजरोस चालू झाली, हे सर्व खरे. पण गिरगाव, दादर, लालबाग या ठिकाणी कारकून, शिक्षक, जुळारी, छापखान्यातला खिळे जुळविणारा ही माणसे शहराच्या ऐन मध्यात दोन-तीन पिढ्या टिकून राहिली ती याच कायद्याच्या आधाराने. त्यांची व्याख्यानमाला, गणेशोत्सव, नाट्यमंडळ, ग्रंथालय हे सारे गोठलेल्या भाड्यावर उगवले. बाजारभावाने भाडे द्यावे लागते तर मुंबईच्या मराठी वाङ्मयाचा मोठा भाग लिहिणाऱ्यांना लिहावयास टेबल ठेवण्यापुरतीही जागा मिळाली नसती.

आपल्या वाचकांपैकी ज्यांची किंवा ज्यांच्या वडिलांची गिरगावात एखादी खोली होती, त्यांना या कायद्यातील एक कलम पाठ असेल. सबळ कारणावाचून सलग सहा महिने जागा वापरात नसेल तर मालकाला ती परत मागता येते. १९९९ च्या नव्या कायद्यातही ही तरतूद राहिली. दिल्ली, नागपूर, कलकत्ता अशा बदल्या होत असलेल्या किती घरांनी या सहा महिन्यांच्या धाकाने पुतण्याला, भाच्याला, गावाकडच्या विद्यार्थ्याला खोलीत आणून ठेवले, दिवाळीला आणि मे महिन्यात येऊन कुलूप उघडले, वीजबिलाच्या पावत्या जपून ठेवल्या! त्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांची शिक्षणे त्यामुळेच झाली. कायद्याच्या कलमाने परोपकार घडविल्याचे असे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

कायदा मुदतीचा होता आणि मुदत पुनःपुन्हा वाढत गेली. गोठलेले भाडे काळानुरूप उरलेले नाही असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने दिल्यावर १९९९ चा कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. त्याने वर्षाला चार टक्के वाढ मान्य केली आणि पगडीलाही कायद्याचा आश्रय दिला. दरम्यान पडत्या इमारतींसाठी १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ निघाले. उपकर भरणाऱ्या १९,६४२ इमारती त्याच्या कक्षेत होत्या. दर पावसाळ्यात त्यांतल्या काही कोसळतात. २०१७ च्या ऑगस्टअखेर भेंडीबाजारातील एक इमारत पडून तीसहून अधिक माणसे दगावली. ज्या भाड्यात रंगाचा हातही निघत नाही त्या भाड्यावर इमारत उभी ठेवण्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘सर्व शहराची’ असे होते. व्हिएन्नाने ते दिले. आपण मालक आणि भाडेकरू यांना एकमेकांवर सोडून दिले.

एक तिसरा मार्ग मुंबईत निघाला होता, आणि तोही अस्सल इथलाच. श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये गावदेवीस सारस्वत मंडळींची सहकारी गृहसंस्था स्थापन झाली. संस्था मालक आणि सभासद तिचे भाडेकरू, अशी ती रचना. घर सभासदाला पिढ्यान्‌पिढ्या मिळे, पण विकून नफा करण्याची वस्तू ते नव्हते. या बीजाचा विस्तार अफाट झाला. आज मुंबईत सहकारी गृहसंस्था मोजणे कठीण आहे. मात्र विस्तारात बीज हरवले. पुढच्या संस्थांत सदनिका सभासदाची झाली, तिला बाजार आला, आणि सहकार जिना झाडण्यापुरता व पाण्याच्या टाकीपुरता उरला. खूण तेवढी राहिली. प्रत्येक सभासदाजवळ संस्थेचे शेअर सर्टिफिकेट असते. त्यावर पन्नास रुपयांचे पाच शेअर, एकूण अडीचशे रुपये, असे छापलेले असते. त्या अडीचशे रुपयांच्या कागदावर आज कोटीचा व्यवहार होतो. बॅक बेचा शेअर निदान पाच हजारांचा तरी होता.

ज्यांना ना चाळ मिळाली ना संस्था, ते झोपडीत गेले. १९८१ च्या पावसाळ्यात पदपथावरच्या वस्त्या हटविण्याची मोहीम निघाली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले आणि १९८५ च्या जुलैत सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या पीठाने निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. माणूस पदपथावर राहतो कारण त्याचे काम तेथे जवळ आहे, हे त्या निकालाने मानले. असे मानूनही, पावसाळा संपल्यावर झोपड्या हटविता येतील असे सांगितले. निकालपत्राचा पूर्वार्ध देशभर उद्धृत होतो. पदपथावरच्यांच्या वाट्यास उत्तरार्ध आला. पुढे १९९० नंतरच्या दशकात निवारा हाही जगण्याच्या हक्कात येतो असे न्यायालयाने स्पष्ट म्हटले. हक्काच्या भाषेत काही उणे राहिले नाही.

तथापि व्यवहारात या शब्दाला विक्रीयोग्य कागद लाभला तो वेगळ्याच ठिकाणी. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने ‘हस्तांतरणीय विकास हक्क’ निर्माण केले. भूखंडावर किती बांधावयाचे याची मर्यादा चटई क्षेत्र निर्देशांकाने ठरते. जमीन रस्त्याला किंवा मैदानाला दिली तर तिच्या बदल्यात दुसरीकडे मर्यादेपेक्षा जास्त बांधण्याचा हक्क मिळू लागला, त्याचे प्रमाणपत्र निघू लागले, ते विकता येऊ लागले. जमीन जागच्या जागी राहिली आणि तिच्यावरची हवा बाजारात हिंडू लागली. १८६४ मध्ये पाण्याचा शेअर होता. आता हवेचा झाला.

याच हवेवर १९९५ ची झोपडपट्टी पुनर्वसन योजना उभी आहे. झोपडीवासीयाला मोफत घर, प्रथम २२५ चौरस फुटांचे, पुढे २६९ आणि त्यानंतर ३०० चे. बांधणाऱ्याला त्याच्या मोबदल्यात बाजारात विकण्यासाठी जादा क्षेत्र. सरकारचा एक पैसा जात नाही हे या योजनेचे मोठे भूषण समजले गेले. चाळीस लाख लोकांना घरे देण्याची घोषणा होती. पाव शतक उलटल्यावरही योजना त्या आकड्याच्या जवळपास पोचली नाही, आणि यात आश्चर्य नाही. जेथे वरच्या सदनिका चढ्या भावाने खपतात तेथे झोपडी उठते. जेथे खपत नाहीत तेथे ती उठत नाही. कोणत्या गरिबाला घर मिळणार हे त्याच्या गरजेवरून न ठरता त्याच्या शेजारी राहावयास येणाऱ्या श्रीमंताच्या ऐपतीवरून ठरते. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईच्या सुमारे एक कोटी चोवीस लाख वस्तीपैकी दर पाचांत दोघे झोपडपट्टीत होते, आणि त्याच गणतीत रिकामी, कुलूपबंद घरे लाखांनी भरली. वरळीच्या रिकाम्या चाळींची आठवण व्हावी असाच हा देखावा. फक्त त्या खोल्या भाडेकरूवाचून रिकाम्या होत्या, या घरांना मालक आहेत.

गिरण्यांच्या जमिनीची कथा याहून कडू आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मिटला कधीच नाही. गिरण्या मात्र एकामागून एक मिटल्या. मागे उरली सुमारे सहाशे एकर जमीन, तीही शहराच्या मध्यावर. १९९१ च्या नियमावलीतील ५८ व्या नियमाने तिची वाटणी स्थूलपणे अशी ठरविली, की एक तृतीयांश महापालिकेला मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१ मध्ये या नियमाची दुरुस्ती झाली. दुरुस्ती लहान होती. वाटणी सगळ्या जमिनीची न होता फक्त जिच्यावर बांधकाम नाही तेवढ्या मोकळ्या जमिनीची करावयाची. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते किती? उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शहराच्या बाजूने अर्थ लावला, सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या मार्चमध्ये तो फिरविला. दरम्यान २००५ मध्ये सरकारी मालकीच्या गिरण्यांच्या जमिनींचा लिलाव झाला; कोहिनूर मिल क्रमांक तीनला ४२१ कोटी आणि मुंबई टेक्स्टाइल मिलला ७०२ कोटी रुपये आले. २०१२ मध्ये गिरणी कामगारांसाठी घरांची पहिली मोठी सोडत निघाली. घरे ६,९२५, अर्ज दीड लाखाच्या घरात. चार आणे हिस्सा मागावयास गेलेल्या माणसाच्या हाती सोडतीचे तिकीट आले.

नगर जमीन कमाल धारणेचा १९७६ चा कायदाही याच ओघात, २००७ मध्ये, महाराष्ट्रात रद्द झाला. त्याने फारशी जमीन गरिबांना मिळवून दिली नव्हती, म्हणून त्याच्यासाठी कोणी अश्रू ढाळले नाहीत. स्थावर मालमत्ता गुंतवणूक न्यासांचे नियम २०१४ मध्ये झाले आणि २०१९ मध्ये देशातील पहिला न्यास शेअरबाजारात नोंदला गेला. सध्या त्यांत मुख्यतः कचेऱ्यांच्या इमारती आहेत. भाडेकरूला मालकाचा चेहरा दिसावा ही जुनी सोय त्यात नाही. मालक दररोज सकाळी बदलतो.

राहता राहिल्या बीडीडी चाळी. त्यांच्या पुनर्बांधणीचे काम २०१७ मध्ये म्हाडाकडे देण्यात आले. खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांची सदनिका, तीही विनामूल्य; खर्च बाजूच्या मनोऱ्यांतील सदनिका विकून. हिशेब जुनाच, तरी घर तीनपटीने मोठे आणि त्याच जागी मिळते, हे लहान श्रेय नव्हे. बांधकाम खाजगी विकासकाच्या हाती न देता सरकारी संस्थेने अंगावर घेतले, हाही फरक मोठा आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. चाळीस मजल्यांच्या इमारतीची देखभाल, उद्वाहक, पाणी चढविण्याचे पंप यांचा दरमहाचा खर्च निवृत्त पोलीस शिपायाला किंवा महापालिकेच्या सफाई कामगाराच्या विधवेला किती वर्षे झेपेल, हे त्या किल्ल्यांबरोबर कोणी सांगितले नाही. आणि झेपला नाही तर ती सदनिका कोण विकत घेईल हे सांगण्याची आवश्यकताही नाही.

शिवडीच्या बारा चाळी या योजनेत आल्या नाहीत. त्यांच्याखालची जमीन बंदर न्यासाची, म्हणजे केंद्र सरकारची. तेव्हा तिचा निर्णय मुंबईत न होता दिल्लीत, कोणत्या तरी मंत्रालयाच्या धारिकेवर व्हावयाचा आहे. तेथील खोली अद्याप १६० चौरस फुटांचीच आहे.